स्टेट स्ट्रीट, ब्रिस्टल

उत्तर व्हर्जिनियातून ६६ क्रमांकाचा महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की तो ८१ क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो आणि तिथून शेनान्डोआचं खोरं सुरू होतं. डावीकडे ब्लू रिज पर्वताची निळसर रांग, उजवीकडे अ‍ॅलेघेनीचे डोंगर, मधे कुरणं, चरणारी गुरं, लाल रंगाची कोठारं. स्टॉन्टन, रोनोक, विथव्हिल अशी गावं मागे पडत जातात. रस्ता इतका मोकळा, की गाडी आपोआप पळायला लागते. पण माझा मावसभाऊ वेगमर्यादेच्या, म्हणजे ताशी ७० मैलांच्या, जेमतेम वर जात होता.

"ताई, इथे काटा पंच्याऐंशीच्या वर गेला ना, तर नुसता दंड भरून सुटका नाही. फौजदारी खटला होतो," तो म्हणाला.

तो म्हणत होता ते खरं आहे. व्हर्जिनियात मर्यादेहून २० मैल जास्त वेग, किंवा मर्यादा काहीही असो, ताशी ८५ मैलांहून जास्त वेग म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा. त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. २०२० पर्यंत तर हा आकडा ८० च होता. पोलिसांच्या रडारचा सुगावा लावणारं यंत्र साध्या खासगी गाडीत बसवायला पन्नास राज्यांपैकी फक्त व्हर्जिनियात बंदी आहे. आम्ही ज्या टेनेसीकडे निघालो होतो तिथे ते यंत्र चालतं आणि बेदरकारपणाच्या कलमात वेगाचा आकडाच नाही. चालकाने जाणूनबुजून लोकांच्या जिवाची पर्वा केली नाही, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. गाडी तीच, चालक तोच, वेग तोच. राज्याची हद्द ओलांडली की तो वेगळ्या तऱ्हेचा माणूस ठरतो.

मला ही हद्द पायी ओलांडायची होती, म्हणून ब्रिस्टल निवडलं. वॉशिंग्टनपासून सुमारे सहाशे किलोमीटरवरचं हे गाव खरं तर दोन गावं आहेत, एक ब्रिस्टल व्हर्जिनियाचं आणि एक टेनेसीचं. दोघांचे महापौर वेगळे, पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या. सार्वजनिक ग्रंथालय मात्र दोघांचं मिळून एक. मधून जातो तो स्टेट स्ट्रीट. हा बाजाराचा मुख्य रस्ता, आणि राज्यांची हद्द त्याच्या बरोबर मधोमध. रस्त्यात जडवलेल्या लहानशा पितळी पाट्यांवर एका अंगाला व्हर्जिनिया आणि दुसऱ्या अंगाला टेनेसी असं कोरलं आहे. रस्त्यावर उंच चढवलेली विजेच्या दिव्यांची जुनी कमान दोन्ही राज्यांची नावं मिरवते. लोक कमानीखाली दोन पाय दोन राज्यांत ठेवून फोटो काढतात. आम्हीही काढला.

१९२७ साली व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी याच रस्त्यावर, टोप्या-हातमोज्यांच्या कंपनीच्या इमारतीत, कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. कंट्री संगीताच्या इतिहासात ही मोठी घटना मानतात. ती इमारत होती टेनेसीच्या बाजूला. त्या संगीताचं संग्रहालय उभं राहिलं व्हर्जिनियाच्या बाजूला. गाण्यांना हद्दीने काही फरक पडला नाही. इतर पुष्कळ गोष्टींना पडतो.

ही हद्द मुळात इथे कशी आली, तीही एक न्यायालयीन कहाणीच. वसाहतींच्या काळात सीमा ठरली होती ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर. पण जंगलातून, डोंगरांवरून ती प्रत्यक्ष आखताना मोजणीदारांच्या रेषा एकमेकींशी जुळेनात. १८०२ साली दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींनी दोन वादग्रस्त रेषांच्या मधोमध तिसरी रेषा काढली आणि झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने चौकटच्या आकाराच्या खुणा केल्या. १८०३ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी तिला मान्यता दिली. पुढे जवळपास नव्वद वर्षांनी व्हर्जिनिया सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणणं असं, की राज्यांनी आपापसात करार करायचा तर राज्यघटनेप्रमाणे काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते आणि ती कधी घेतलीच नव्हती. सबब जुन्या अक्षांशावरची सीमा परत द्या. १८९३ साली न्या. स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला, की इतकी वर्षं सर्वांनी, खुद्द काँग्रेसनेही, ती रेषा गृहीत धरून कारभार केला, त्यातच संमती आली. ज्या करारांनी राज्यांचं राजकीय बळ वाढून संघराज्याच्या सत्तेला धक्का बसेल, त्यांनाच ही अट खरी लागू होते, असंही न्यायालय म्हणालं. आजही दोन राज्यांमधल्या करारांची चर्चा निघाली की हा निकाल पुढे येतो. १९०१ मध्ये टेनेसीने या रस्त्याची उत्तरेकडची अर्धी रुंदी व्हर्जिनियाला दिली, काँग्रेसने रीतसर मान्यता दिली, आणि रेषा रस्त्याच्या मध्यावर आली.

त्या रस्त्यावर उभं राहून हा इतिहास मनात घोळवताना बेळगाव आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या १३१ व्या कलमाखाली लावलेला सीमेचा दावा अजून आपल्या सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन राज्यांचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयाने ऐकायचं, ही तरतूद दोन्ही देशांत सारखी आहे.

यापुढे मात्र दोन्ही देशांचं जमत नाही. आपल्याकडे खून कोल्हापुरात होवो की कोहिमात, भारतीय न्याय संहिता एकच. उच्च न्यायालयं निरनिराळी असली तरी वर सर्वोच्च न्यायालय, आणि त्याचा शब्द सगळ्या देशाला लागू. अमेरिकेत घटनेने केंद्राकडे न सोपवलेले सर्व अधिकार राज्यांकडे राहतात. खून, चोरी, लग्न, घटस्फोट, वारसा, जमीन, करार, अपघात हे सगळं मुख्यतः राज्यांचं. आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालय त्यात हात घालत नाही; हे तत्त्व १८७५ साली ज्या खटल्यात पक्कं झालं तो योगायोगाने टेनेसीतल्याच मेम्फिस शहराविरुद्धचा होता. केंद्राचा कायदा किंवा घटना यांचा प्रश्न निघाला, तरच दार उघडतं. म्हणजे अमेरिकेत पन्नास कायदेमंडळांच्या जोडीला राज्याराज्याची स्वतःची अंतिम न्यायालयं आहेत. कायद्यांमधला फरक प्रवाशाच्या लवकर लक्षात येतो. न्यायालयांमधला फरक अंगावर येईपर्यंत कळत नाही, म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

ही न्यायालयं बसतात तीसुद्धा वेगवेगळ्या रीतीने. व्हर्जिनियाच्या सात न्यायमूर्तींना विधिमंडळ बारा वर्षांसाठी निवडून देतं. अशी पद्धत आणखी फक्त साउथ कॅरोलिनात आहे. टेनेसीचे पाच न्यायमूर्ती गव्हर्नर नेमतो, विधिमंडळ मान्य करतं आणि त्यांना ठेवायचं की नाही यावर पुढे जनता मत देते. व्हर्जिनियाचा महान्यायवादी लोक निवडतात, तर टेनेसीचा महान्यायवादी राज्याचं सर्वोच्च न्यायालय नेमतं, आणि असं करणारं ते एकमेव राज्य आहे.

आता स्टेट स्ट्रीटवरच एक अपघात कल्पून पाहा. एक बाई रस्ता ओलांडते आहे. ओलांडायचे पट्टे चार पावलं पुढे होते, ती थोडी अलीकडूनच निघाली. भरधाव मोटारीने तिला उडवलं. पंचमंडळाने ठरवलं, की ८० टक्के चूक चालकाची, २० टक्के तिची, आणि नुकसान एक लाख डॉलरचं. धडक टेनेसीच्या बाजूला झाली असेल, तर तिला ऐंशी हजार मिळतील. व्हर्जिनियाच्या बाजूला झाली असेल आणि तिच्या त्या चुकीचा अपघाताला हातभार लागला असं ठरलं असेल, तर शून्य. इस्पितळाचं बिल, गेलेली नोकरी, मोडलेला पाय, सगळं तिच्याच माथी.

व्हर्जिनियाचा हा नियम इंग्लंडमधून आला. १८०९ च्या एका निकालात, रस्त्यात आडव्या टाकलेल्या बल्लीवर घोडा भरधाव घालणाऱ्या माणसाला भरपाई नाकारली गेली होती: स्वतः काळजी घेतली असती तर अपघात टळला असता, म्हणून. अमेरिकी न्यायालयांनी हे तत्त्व उचललं आणि ते एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि कारखान्यांच्या मालकांच्या फार उपयोगी पडलं. इंग्लंडने स्वतः १९४५ साली कायदा करून ते सोडलं. अमेरिकेतही एकेक राज्य ते सोडत गेलं. आज राजधानी वॉशिंग्टन, जिथे पादचारी आणि सायकलस्वारांसाठी अपवाद केला आहे, वगळली तर अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया ही चारच राज्यं त्याला धरून आहेत.

टेनेसीत ते गेलं न्यायालयाच्या हातून. १९८६ साली एक पिकअप आणि एक मालट्रक यांची धडक झाली. दोघेही चालक प्यायलेले होते. पंचमंडळाने दोघांना सारखाच दोष दिला आणि जुन्या नियमाप्रमाणे दावा बुडाला. प्रकरण वर गेलं, आणि १९९२ मध्ये मॅकिन्टायर विरुद्ध बॅलेन्टाइन या खटल्यात टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच मोडीत काढला: जखमी माणसाचा दोष समोरच्यापेक्षा कमी असेल तर भरपाई मिळेल, त्याच्या दोषाच्या प्रमाणात वजा होऊन. युक्तिवाद असा होता, की हे काम विधिमंडळाचं, न्यायालयाचं नाही. न्यायालयाने म्हटलं, नियम न्यायालयांनीच घडवला, तो बदलण्याची जबाबदारीही आमची. २०१३ साली हाच प्रश्न मेरीलँडच्या सर्वोच्च पीठापुढे आला. एका तरुण फुटबॉल प्रशिक्षकाच्या अंगावर गोलचा आडवा खांब कोसळून तो गंभीर जखमी झाला होता. मेरीलँडच्या न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं, की बदल करायचाच तर विधिमंडळाने करावा. तो तरुण रिकाम्या हाताने परतला.

या दोन निकालांपैकी मला टेनेसीचा न्याय्य वाटतो आणि ते सांगायला संकोच वाटत नाही. ज्याची चूक दहा टक्के त्याने शंभर टक्के सोसायचं, या नियमाचं समर्थन दोनशे वर्षांच्या जुनेपणाखेरीज कशाने करता येईल, मला कळत नाही. उत्तर व्हर्जिनियात आणि शेजारच्या मेरीलँडमध्ये हजारो मराठी कुटुंबं राहतात, रोज गाड्या चालवतात, मुलांना सायकलवर शाळेत पाठवतात. त्यांच्यापैकी किती जणांना हा नियम ठाऊक आहे? माझ्या भावाला वेगाचा कायदा तोंडपाठ होता. हा त्याने पहिल्यांदाच ऐकला.

पितळी पाट्यांवरून जाणारी आणखी एक रेषा डोळ्यांना दिसत नाही. केंद्रीय अपील न्यायालयांचे विभाग राज्यांच्या सीमांप्रमाणे पाडले आहेत. व्हर्जिनिया चौथ्या विभागात येतं, त्याचं न्यायालय रिचमंडला. टेनेसी सहाव्यात, त्याचं न्यायालय ओहायोतल्या सिनसिनाटीला. त्यामुळे देशाची घटना एक असली, तरी तिचा अर्थ रस्त्याच्या दोन बाजूंना काही काळ निराळा असू शकतो. २०१४ च्या जुलैमध्ये चौथ्या विभागाने व्हर्जिनियाची समलिंगी विवाहावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. ६ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला आणि त्याच दिवशी व्हर्जिनियात असे विवाह लागू लागले. बरोबर एका महिन्याने, ६ नोव्हेंबरला, सहाव्या विभागाने टेनेसीसह चार राज्यांची तशीच बंदी वैध ठरवली. २६ जून २०१५ रोजी ओबर्गेफेल खटल्याचा निकाल लागून सगळ्या देशात हा हक्क मिळाला. मधल्या साडेआठ महिन्यांत ब्रिस्टलमध्ये उत्तरेच्या फुटपाथवर जे दोघं कायद्याने पती-पती होते, ते दक्षिणेच्या फुटपाथवर एकमेकांचे कोणीच नव्हते.

व्हर्जिनियाला अशा रेषेचा अनुभव जुना. गोरा रिचर्ड आणि कृष्णवर्णीय-आदिवासी वंशाची मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, कारण त्यांच्या राज्यात ते बेकायदा होतं. कॅरोलिन काउंटीतल्या घरी परतल्यावर शेरीफने रात्री झोपेतून उठवून त्यांना अटक केली. शिक्षा एक वर्षाची. राज्य सोडून पंचवीस वर्षं एकत्र परत आला नाहीत तर ती स्थगित. माहेर, सासर, सोबती सगळं मागे ठेवून ती दोघं राजधानीत राहिली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. त्या दिवशी असे कायदे सोळा राज्यांत होते, आणि टेनेसी त्यांतलंच एक. त्या एका बाबतीत स्टेट स्ट्रीटच्या दोन्ही बाजू तेव्हा सारख्या होत्या.

दुपारी रस्त्यावरून नुसतं भटकलं तरी रोजच्या जगण्यातले फरक समजत जातात. टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही. व्हर्जिनियात आहे, शिवाय दरवर्षी मोटारीवर मालमत्ता कर. उलट टेनेसीत खरेदीवरचा कर राज्याचाच सात टक्के, वर स्थानिक वेगळा. व्हर्जिनियाच्या या भागात सगळा मिळून ५.३. टेनेसीने स्वतःचा किमान वेतनाचा कायदा केलेला नाही, म्हणून तिथे केंद्राचा २००९ पासूनचा ताशी ७.२५ डॉलर दर; व्हर्जिनियात तो २०२३ मध्येच १२ डॉलर झाला. जुगारघर व्हर्जिनियाच्या बाजूला, एका बंद पडलेल्या मॉलच्या जागी, २०२२ च्या जुलैमध्ये उघडलं. टेनेसीत जुगारघरं चालत नाहीत. व्हर्जिनियात २०२१ पासून प्रौढांना एक औंसापर्यंत गांजा जवळ बाळगता येतो. तोच खिशात घेऊन रस्ता ओलांडला तर टेनेसीत सुमारे वर्षभराच्या कैदेचा गुन्हा होतो.

एक फरक मात्र मनात रुतून बसला. ओबामांच्या आरोग्य कायद्याने गरीब प्रौढांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना सगळ्या राज्यांत वाढवली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. व्हर्जिनियाने १ जानेवारी २०१९ पासून ती स्वीकारली, टेनेसीने नाही. एकाच पगारावर दोन समोरासमोरच्या खानावळींत भांडी घासणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला डॉक्टर परवडतो आणि दुसऱ्याला नाही, ते केवळ तो कुठे झोपायला जातो त्यावरून.

गर्भपाताबाबत हे अंतर सर्वांत तीव्र आहे. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात हा प्रश्न राज्यांकडे सोपवला. टेनेसीत आधीच करून ठेवलेला कायदा २५ ऑगस्टला लागू झाला आणि जवळजवळ संपूर्ण बंदी आली. व्हर्जिनियात दुसऱ्या तिमाहीच्या अखेरपर्यंत गर्भपात कायदेशीर राहिला. टेनेसीतल्या ब्रिस्टलचं गर्भपात केंद्र बंद झालं आणि साधारण मैलभरावर, व्हर्जिनियाच्या हद्दीत, नवं उघडलं. दक्षिणेकडच्या दूरदूरच्या राज्यांतून बायका इथवर येतात, रात्र-रात्र प्रवास करून. ज्यांना रजा मिळत नाही, गाडी नाही, घरी लहान मूल सांभाळायला कोणी नाही, त्यांच्यापर्यंत हा मैल पोहोचत नाही. डॉब्स निकालात न्या. ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून, दुसऱ्या राज्यात जायला राज्य आपल्या रहिवाशांना अडवू शकत नाही असं म्हटलं. तरी टेनेसीने २०२४ मध्ये, पालकांच्या संमतीविना अल्पवयीन मुलीला त्यासाठी मदत करणाऱ्या प्रौढांविरुद्ध कायदा केला, आणि त्यातला काही भाग केंद्रीय न्यायालयाने रोखला.

मृत्युदंडाच्या बाबतीत व्हर्जिनियाने स्वतःचंच पारडं उलटं फिरवलं. १६०८ साली जेम्सटाउनला पहिली शिक्षा अमलात आणणाऱ्या व्हर्जिनियाने आजवर इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त माणसं मारली, आणि २०२१ च्या मार्चमध्ये दक्षिणेत सर्वांत आधी ही शिक्षा त्यानेच रद्द केली. टेनेसीत ती आहे. १९९९ च्या आधीच्या गुन्ह्यासाठी कैद्याला विजेची खुर्चीही मागता येते.

संध्याकाळी कमानीचे दिवे लागले तेव्हा मी भावाला विचारलं, व्हर्जिनियाचा माणूस टेनेसीच्या माणसाच्या गाडीला पितळी पाटीजवळच धडकला, तर कुठला कायदा? त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते न्यायालयागणिक बदलतं. व्हर्जिनियाचं न्यायालय विचारतं, इजा कुठे झाली? त्या जागेचा कायदा लावतं. टेनेसीने १९९२ सालीच हा जुना नियम सोडला. मेम्फिसमधला एक विद्यार्थी आर्कान्सामधल्या पाण्याने भरलेल्या खाणीत स्कूबा डायव्हिंगचं शिक्षण घेताना दगावला होता; विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही टेनेसीचे, म्हणून त्या न्यायालयाने आर्कान्साचा नव्हे तर टेनेसीचा कायदा लावला. ज्या राज्याचा त्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा संबंध, त्याचा कायदा, असं तिथलं सूत्र आहे. त्यामुळे ब्रिस्टलच्या वकिलाला दावा कुठल्या बाजूच्या न्यायालयात लावायचा हे आधी ठरवावं लागतं. आणि ते लवकर ठरवावं लागतं, कारण भरपाईच्या बाबतीत उदार असलेलं टेनेसी मुदतीच्या बाबतीत कडक आहे: शारीरिक इजेचा दावा लावायला व्हर्जिनियात दोन वर्षं मिळतात, टेनेसीत एकच.